येल्लाप्रगडा सुब्बाराव : रक्तकर्करोगाला पहिला आवर घालणारे संशोधक

पैनगंगेकाठच्या आदिलाबाद जिल्ह्यात तेलुगू आणि मराठी पिढ्यानुपिढ्या शेजारी नांदत आल्या आहेत. त्याच तेलुगू भाषेच्या एका सुपुत्राचे नाव रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांच्या इतिहासात अग्रस्थानी आहे. ते म्हणजे येल्लाप्रगडा सुब्बाराव.

१२ जानेवारी १८९५ रोजी किनारी आंध्रातील भीमवरम येथे त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताचीच होती. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना गांधीजींच्या हाकेला प्रतिसाद देऊन त्यांनी खादी अंगीकारली. शल्यचिकित्सेच्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही. परिणामी एमबीबीएसऐवजी कनिष्ठ मानल्या जाणाऱ्या एलएमएसवर त्यांना समाधान मानावे लागले. स्प्रू या संग्रहणीसारख्या विकाराने त्यांचे दोन भाऊ हिरावून नेले. ती जखम त्यांच्या मनात कायम राहिली.

सासऱ्यांच्या आर्थिक साहाय्याने १९२२ मध्ये ते बोस्टनला पोहोचले. पत्नी मायदेशीच राहिली. रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामे करीत त्यांनी शिक्षण पूर्ण केले. हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासह त्यांनी रक्तातील फॉस्फरस मोजण्याची पद्धत विकसित केली, तसेच पेशींना ऊर्जा पुरविणाऱ्या एटीपीचा शोध लावला. तरीही तेथे त्यांना कायमची नेमणूक मिळाली नाही. १९४० मध्ये ते लेडर्ली प्रयोगशाळेत दाखल झाले.

तेथे त्यांच्या चमूने १९४५ मध्ये फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार केले. हे जीवनसत्त्व स्प्रूवर गुणकारी ठरले. भावांसाठी मात्र त्याला फार उशीर झाला होता. बोस्टनमधील बालरोग-विकृतितज्ज्ञ सिडनी फार्बर यांनी फॉलिक आम्लाची संयुगे रक्तकर्करोगाच्या बालरुग्णांना दिली, तेव्हा आजार आणखी बळावल्याचे दिसले. या अपयशातूनच दिशा सापडली. रोगट पेशींना वाढीसाठी फॉलिक आम्ल लागत असेल, तर त्याची वाट अडविणारे द्रव्य हवे. सुब्बाराव यांच्या चमूने तसे अमिनोप्टेरिन घडविले आणि पुढे मेथोट्रेक्सेट. जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार १६ बालकांपैकी १० जणांचा आजार ओसरला होता. तो आराम तात्पुरता होता आणि अहवालात ते लपविलेले नव्हते. परंतु तोवर असाध्य मानलेल्या रोगाला औषधाने मागे रेटता येते, हे प्रथमच सिद्ध झाले.

त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत, ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी सुब्बाराव यांचे निधन झाले. मायदेशी परतणे त्यांना कधीच जमले नाही. हत्तीरोगावरील डायइथाइलकार्बामाझिन हे औषधही त्यांच्याच मार्गदर्शनाखालील संशोधनातून आले आणि भारतातील निर्मूलन मोहिमांचा ते आधार ठरले.

बालकांपासून सुरू झालेली ही वाट आज वृद्ध रुग्णांपाशी अधिक अवघड होते. मेथोट्रेक्सेट मुख्यतः मूत्रपिंडांवाटे शरीराबाहेर पडते. उतारवयात त्यांची क्षमता घटते, म्हणून मात्रा जपून ठरवावी लागते. तीव्र उपचार न सोसणाऱ्या ज्येष्ठांसाठी सौम्य तरीही परिणामकारक उपाय शोधणे, हे रक्तकर्करोगाच्या संशोधनापुढील मोठे काम आहे. रोगट पेशीची नेमकी गरज ओळखून तीच रोखण्याचा सुब्बाराव यांचा मार्ग या शोधातही उपयोगी पडत आहे.