लक्ष्मीबाई टिळकांचा पालट

लक्ष्मीबाई टिळक ह्यांचा जन्म १८६८ साली नाशिकाजवळील जलालपूर गावी झाला. माहेरी वडिलांचे सोवळे अतिशय कडक. पती नारायण वामन टिळक ह्यांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्यावर आकाशच कोसळले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या. परंतु सोवळे सोडिले नाही, स्वयंपाकही निराळाच ठेविला. पुढे त्या विचारात पडल्या की, देवाने माणसे निर्माण केली की जाती? जाती मनुष्यकृत आहेत अशी खात्री पटताच त्या कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. त्यांचा बाप्तिस्मा मागाहून, १९०० साली झाला. पालट मात्र घरच्यांस आधीच दिसला. पुढे त्यांच्या घरी अनेक पोरक्या मुलांस आसरा मिळाला.

प्रिय बंधुभगिनींनो, हिंगोली जिल्ह्यातील आमच्या खेड्यांत शुभवर्तमान वाचणारे थोडे. आमचे वर्तन पाहणारे पुष्कळ. आम्ही बाप्तिस्मा घेतला खरा. तथापि पंक्तीस बसताना अथवा सोयरीक जुळविताना पूर्वीची जात आमच्या मनात डोकावते काय? प्रत्येकाने हे प्रभूसमोर तपासून पाहावे. ख्रिस्ताने आम्हांस नवे केले, ह्याची साक्ष आमच्या उंबरठ्यावर येणाऱ्या तहानेल्यास मिळो.