थेऊरच्या रमाबाई

‘स्वामी’ वाचलेल्या मुलींना माधवरावांइतकीच रमाबाईही आवडते. रणजित देसाईंची ही कादंबरी १९६२ साली आली, तिला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या वाचनालयातली तिची प्रत पाने सुटेपर्यंत वाचली गेली आहे. मला मात्र ही नायिका आवडतेही आणि अस्वस्थही करते. यासाठी कादंबरी क्षणभर मिटून खऱ्या रमाबाईंकडे पाहू.

जोशी घराण्यातल्या या मुलीचे माधवरावांशी लग्न झाले ते १७५३ मध्ये. नवरामुलगा तेव्हा आठ वर्षांचा! पानिपतानंतर, १७६१ मध्ये नानासाहेब वारले आणि सोळाव्या वर्षी माधवराव पेशवे झाले. पुढची अकरा वर्षे निजाम, हैदर आणि घरातले राघोबादादा यांच्याशी झुंजण्यात गेली. चुलते-पुतण्यांत १७६२ मध्ये आळेगावला आणि १७६८ मध्ये धोडपला चक्क लढाया झाल्या. सासूबाई गोपिकाबाईही मुलाशी न पटल्याने नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या. अशा घरात रमाबाईंचा संसार झाला. मूलबाळ नाही. त्यात माधवरावांना क्षयाने गाठले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला, चिंतामणीच्या सान्निध्यात, सत्ताविसाव्या वर्षी ते गेले आणि रमाबाई त्यांच्याबरोबर सती गेल्या.

इतिहासात त्यांच्याविषयी एवढेच, फार थोडे. बाकीचे रुसवे, बोलणी, देवघर, सारे लेखकाच्या प्रतिभेचे. ते वाचताना डोळे भरतात, माझेही भरतात. पण कादंबरीने तो शेवट इतका देखणा केला आहे, की चितेवर एक तरुण बाई जिवंत जळते आहे हे वाचक विसरतो. मला खटकते ते हेच.

बरे, त्या काळी दुसरा मार्गच नव्हता, असेही नाही. खुद्द गोपिकाबाई सती गेल्या नव्हत्या. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला तेव्हा गंगाबाई गरोदर होत्या. त्या मागे राहिल्या म्हणून सवाई माधवराव जन्मले. आणि आपल्या अहिल्याबाई? १७५४ मध्ये कुंभेरीला खंडेराव पडले. त्या सती जायला निघाल्या होत्या, मल्हाररावांनी विनवून थांबवले. १७६७ पासून १७९५ पर्यंत महेश्वरहून त्यांनी जो कारभार केला, तो इंदूरच्या मुलांना मी काय सांगावा! मात्र त्यांचीच लेक मुक्ताबाई पतीमागे सती गेली आणि एवढ्या कर्तबगार आईलाही तिला थांबवता आले नाही.

म्हणून रमाबाईंना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. त्यांना विनवणारे कोणी वडीलधारे तेव्हा थेऊरला असते तर, असे मात्र दर वेळी मनात येते.

अष्टविनायकाच्या सहलीत थेऊरला जाल, तेव्हा दर्शन झाल्यावर लगेच बसकडे पळू नका. नदीकाठी रमाबाईंचे वृंदावन आहे, तिथेही जाऊन या.