जॉर्ज बूल कोण होते? इफ-एल्स आणि टर्नरी ऑपरेटरमागच्या गणिताची गोष्ट

सी प्रोग्रामिंग शिकायला घेतलं की थोड्याच दिवसांत इफ-एल्स येतं आणि त्याच्या पाठोपाठ प्रश्नचिन्ह-कोलनवाला टर्नरी ऑपरेटर. दोघांचं म्हणणं एकच: अट खरी असेल तर हे, नाहीतर ते. पण खरं-खोटं १ आणि ० मध्ये मांडून त्याचं चक्क बीजगणित कोणी केलं? जॉर्ज बूल यांनी. प्रोग्रामिंगमधला ‘बूलियन’ हा शब्द त्यांच्याच नावावरून आलाय.

कॉलेज न पाहिलेला प्राध्यापक

बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधल्या लिंकन शहरात झाला. वडील जोडे बनवायचे, पण त्यांचा जीव विज्ञानात आणि दुर्बिणींत जास्त रमायचा. धंदा बुडाला आणि वयाच्या १६ व्या वर्षी जॉर्जना शाळेत शिकवायची नोकरी धरावी लागली. १९ व्या वर्षी त्यांनी स्वतःची शाळा काढली. कॉलेजला जायची सोय नव्हतीच. दिवसा मुलांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात फ्रेंच गणितज्ञांची पुस्तकं वाचायची, असं त्यांचं शिक्षण झालं.

१८४४ मध्ये एका शोधनिबंधासाठी रॉयल सोसायटीने त्यांना रॉयल मेडल दिलं. १८४९ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या नव्या क्वीन्स कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक झाले, तेही हातात एकही डिग्री नसताना!

०, १ आणि एक सूत्र

१८४७ मध्ये एक छोटं पुस्तक आणि १८५४ मध्ये मोठा ग्रंथ लिहून बूल यांनी तर्काचं बीजगणित मांडलं. त्यांचा मूळ नियम बघा: क्ष × क्ष = क्ष. लाल वस्तूंमधून पुन्हा लाल वस्तू निवडल्या तर त्याच हाती येतात ना? तसंच. आणि आकड्यांमध्ये हा नियम फक्त ० आणि १ पाळतात.

‘नाही’साठी त्यांनी (१ − क्ष) वापरलं. मग त्यांच्या पद्धतीने असं लिहिता येतं:

निकाल = क्ष × अ + (१ − क्ष) × ब

क्ष १ ठेवा, ‘अ’ मिळेल. ० ठेवा, ‘ब’ मिळेल. आता सी मधली ओळ बघा:

निकाल = क्ष ? अ : ब;

ओळखीचं वाटलं ना? टर्नरी ऑपरेटर बूल यांनी बनवला नाही, पण त्याचा हिशोब त्यांच्या पुस्तकात आधीच होता.

फरक दोन आहेत. एक, सूत्रात अ आणि ब दोन्ही काढावे लागतात, सी मात्र फक्त लागेल तीच बाजू चालवतं. म्हणून खालची ओळ सुरक्षित आहे:

सरासरी = (न != ०) ? बेरीज / न : ०;

न शून्य असेल तर भागाकार होतच नाही. दुसरा फरक, सी मध्ये ० म्हणजे खोटं आणि बाकी काहीही खरं, अगदी ५ सुद्धा. सूत्रात क्ष ५ ठेवला तर उत्तर भलतंच येईल.

आणि इफ-एल्सचं काय? ते काम करतं, पण स्वतःची किंमत देत नाही. टर्नरी किंमत देतं, म्हणून ते थेट बरोबरच्या चिन्हापुढे बसतं.

पुढे काय झालं?

१८५५ मध्ये बूल यांनी मेरी एव्हरेस्ट यांच्याशी लग्न केलं. ज्यांच्या नावावरून एव्हरेस्ट शिखराला नाव मिळालं, त्या भारताच्या सर्व्हेयर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांची ही पुतणी. त्यांना पाच मुली झाल्या.

१८६४ च्या नोव्हेंबरमध्ये बूल भर पावसात चालत कॉलेजला गेले आणि ओल्या कपड्यांतच लेक्चर घेतलं. त्यातून आजारपण बळावलं आणि ८ डिसेंबरला ते गेले. वय फक्त ४९. सर्वात धाकटी मुलगी तेव्हा वर्षाचीही नव्हती.

आपलं गणित कुठल्या यंत्रात चालेल, हे त्यांना कधीच बघता आलं नाही. १९३७ मध्ये, म्हणजे ७३ वर्षांनी, अमेरिकेतल्या एमआयटीचा विद्यार्थी क्लॉड शॅनन याने दाखवलं की विजेच्या स्विचचं चालू-बंद याच बीजगणिताने मांडता येतं. पुढे डिजिटल सर्किट याच पायावर उभी राहिली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी सी भाषा घडवली.

आता मोबाईलवरच्या सी कंपायलरमध्ये वरचं सूत्र आणि टर्नरी, दोन्ही लिहून बघा. क्ष आधी ०, मग १, मग ५ ठेवा. उत्तरं कुठे जुळतात आणि कुठे फाटतात, ते लगेच कळेल.