कै. रघुनाथ धोंडो कर्वे

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव आपल्या ज्ञातीत घरोघरी आदराने घेतले जाते. त्यांचे ज्येष्ठ चिरंजीव रघुनाथराव यांचे नाव मात्र वडीलधारी मंडळी आजही आवाज उतरवूनच घेतात. याच कारणास्तव त्यांचे अल्पचरित्र यंदाच्या स्मरणिकेत सादर करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी झाला. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ साली, मातोश्री राधाबाई बाळंतपणात निवर्तल्या. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. गणित हा त्यांचा विषय. त्याच्या उच्च अध्ययनासाठी ते पॅरिसला जाऊन आले व मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापक झाले.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंचे केंद्र निघाले होते. घरटी आठ-दहा बाळंतपणे आणि त्यांतच स्त्रीचा अंत, हा प्रकार त्या काळी नशिबाचा भाग समजला जाई. गर्भ राहूच नये अशी साधने उपलब्ध असताना त्यांची माहिती स्त्रीपासून दडवून ठेवणे हा अन्याय होय, असे रघुनाथरावांचे म्हणणे. संयमाचा उपदेश करणाऱ्या गांधीजींचा कृत्रिम साधनांस विरोध होता. परंतु उपदेशाने बाळंतपणे टळत नाहीत हे रघुनाथरावांना पक्के ठाऊक होते. कॉलेजच्या चालकांना हे कार्य रुचले नाही. कार्य सोडण्यापेक्षा त्यांनी १९२५ मध्ये नोकरी सोडली. निश्चित पगारावर संसार चालविणाऱ्यांसच या त्यागाची किंमत कळेल.

जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. वाचकांच्या लाजेकाजेच्या प्रश्नांना त्यात आडपडदा न ठेवता उत्तरे मिळत. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तरीही दोनशे रुपये दंड झालाच. पुढे १९३८ साली बाबासाहेबांच्या पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, तोही फेटाळला गेला.

रघुनाथराव व त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी अपत्य न होऊ देण्याचे ठरविले होते, आणि त्यासाठी रघुनाथरावांनी शस्त्रक्रिया स्वतःवर करून घेतली. या गोष्टीकडे आम्ही ज्ञातिबांधवांचे मुद्दाम लक्ष वेधतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, विवाहित जोडप्यांपैकी शेकडा ३७.९ जोडप्यांत स्त्रीची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुषाची, शेकडा ०.३. सरकारी रुग्णालयांत ही सोय दोघांसाठीही आहे आणि पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी आहे. तरीही घरात हा विषय निघाला की सुनेचेच नाव पुढे येते आणि चिरंजीव वर्तमानपत्रात तोंड घालतात. आपल्या ज्ञातीतील घरे याला अपवाद आहेत, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

१९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. त्यानंतरच्या वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, रघुनाथराव वारले. 'समाजस्वास्थ्या'चा नोव्हेंबरचा अंक निघाला, तो शेवटचा.