फेस येईपर्यंत

गेल्या महिन्यात बोस्टनहून भाच्याचा फोन आला. तिथे घरच्यापुरती बिअर करायला कायद्याची आडकाठी नाही. बार्लीच्या गोड काढ्यात यीस्ट घालून बारा तास झाले, तरी काहीच हालचाल नाही, म्हणून स्वारी हवालदिल झाली होती. मी उभा जन्म बँकेच्या खातेवह्यांत काढलेला. मला बिअरचं काय कळणार! पण नेमका लुई पाश्चरविषयी वाचत होतो. त्या जोरावर सांगून टाकलं, उद्यापर्यंत कळ काढ.

पाश्चर आपल्याला आठवतो तो पिसाळलेल्या कुत्र्याच्या लशीमुळे. पण १८२२ साली कातडी कमावणाऱ्याच्या घरात जन्मलेल्या या माणसाला पुढची वाट दाखवली ती आंबण्याच्या कोड्याने. १८५६ साली तो लील शहरात प्राध्यापक होता. बीटापासून मद्यार्क काढणारा एक कारखानदार त्याच्याकडे आला. त्याची पिंपं नासत होती. पाश्चरने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आंबणं म्हणजे निव्वळ रासायनिक कुजणं, ही तेव्हाच्या बड्या शास्त्रज्ञांची समजूत. पाश्चरने दाखवून दिलं की ते जिवंत यीस्टचं काम आहे. यीस्ट साखर खातं, मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. पहिले काही तास ते नव्या जागेत रुळतं, वाढतं. वरून मात्र सारं निपचित.

पाश्चरचं आयुष्यही असंच निपचित झालं होतं. १८५९ ते १८६६ या काळात तीन मुली गेल्या. १८६८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, अर्धांगवायूने डावी बाजू लुळी पडली. माणूस संपला, असंच कुणालाही वाटलं असतं.

पण आत काम चालूच होतं. १८७०-७१च्या युद्धात जर्मनांनी फ्रान्सला हरवलं. पाश्चरने बॉनची मानद पदवी परत केली आणि जर्मन बिअरच्या तोडीची फ्रेंच बिअर करण्याचा चंग बांधला. गंमत म्हणजे, त्याला स्वतःला बिअरची फारशी आवड नव्हती! १८७१ मध्ये लंडनच्या एका मोठ्या कारखान्यातल्या यीस्टमध्ये त्याने परके जंतू दाखवले. आठवड्याभरात तिथे सूक्ष्मदर्शक आला. बिअर नासते ती याच आगंतुकांमुळे, हे त्याने १८७६च्या ग्रंथात मांडलं. भांडी निर्जंतुक करण्याचा आजचा आग्रह याच शिकवणुकीतला. रेबीजची लस तर त्यानंतरची, १८८५ची. १८९५ साली तो गेला.

दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला. फेस झाकणापर्यंत चढला होता, नळीतून बुडबुडे येत होते. चार दिवसांनी पुन्हा तीच रड: फेस बसला, तळाशी साका जमला, बिअर मेली का? म्हटलं, नाही रे. उरलेली साखर अजून संपायची असेल. घनतामापकाचा आकडा दोन-तीन दिवस हलला नाही, तरच बाटल्या भर. घाई केलीस तर फुटतील.

फोन ठेवला आणि निवृत्तीनंतर कपाटात पडून राहिलेलं अर्धं हस्तलिखित बाहेर काढलं.