लाल गोळीमागच्या ल्युसीबाई

मैत्रिणींनो, चौथा महिना लागला की आरोग्य केंद्रातली ताई आपल्या हातात गोळ्यांची पाकिटं ठेवते. लाल गोळी, रोज एक. आपल्यातल्या कितीजणींनी ती खरंच संपवली? कुणाला मळमळलं, कुणी शौचाला काळं झालं म्हणून घाबरली, तर कुणाच्या सासूबाईंना त्या गोळीने बाळ काळं होईल असं वाटलं. मग ती पाकिटं गेली फडताळात, डब्यांच्या मागे!

या गोळीत दोन गोष्टी असतात, लोह आणि फॉलिक ॲसिड. लोहाबद्दल आपण शाळेपासून ऐकतो. पण दुसऱ्या नावाच्या मागे एक बाई आहे, आणि तिचं मोठं काम झालं ते आपल्या मुंबईत, परळला. तिचं नाव ल्युसी विल्स. आपण त्यांना ल्युसीबाईच म्हणू या.

ल्युसीबाईंचा जन्म १० मे १८८८ चा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळचा. घर खाऊनपिऊन सुखी, मुलींना शिकवणारं. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या. १९११ साली शिक्षण संपलं, परीक्षाही पास झाल्या, पण पदवी काही मिळाली नाही. कारण काय, तर केंब्रिज विद्यापीठ तेव्हा बायकांना पदवी देतच नव्हतं. ती मिळायला १९४८ साल उजाडावं लागलं!

पुढे पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. तिथे काही काळ त्यांनी परिचारिका म्हणून सेवा केली. रुग्णांची शुश्रूषा करताना वैद्यकाची ओढ लागली असावी. १९१५ मध्ये त्यांनी लंडनमध्ये बायकांसाठी असलेल्या मेडिकल कॉलेजात नाव घातलं आणि १९२० मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या. पण दवाखाना थाटला नाही. त्यांना प्रयोगशाळेतच रमायचं होतं.

त्या काळी आपल्याकडे बाळंतपणात बायका फार दगावायच्या. असं का होतं, याची चौकशी सरकारी पातळीवर सुरू झाली होती. इथे काम करणाऱ्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी ल्युसीबाईंना बोलावून घेतलं, आणि १९२८ मध्ये त्या मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचं काम सुरू झालं. भोवती सगळं गिरणगाव. गिरणीत राबणाऱ्या बायका पोटुशी असल्या की पांढऱ्याफटक पडायच्या, धाप लागायची, अंगावर सूज यायची आणि कितीतरी जणी बाळंतपणाच्या आधी किंवा नंतर जीव गमवायच्या. हा साधा पंडुरोग नव्हता. नेहमीच्या पंडुरोगात रक्तातल्या लाल पेशी लहान होतात, इथे त्या उलट मोठ्या झालेल्या दिसायच्या.

हा आजार कशाने होतो? जंतूंमुळे का, अशी एक शंका होती. ल्युसीबाईंनी तीही तपासून पाहिली. आजारी बायकांच्या आणि धडधाकट बायकांच्या शौचाची तपासणी केली. फरक दिसला नाही. मग त्यांनी वेगळीच वाट धरली. या बायका रोज खातात काय आणि राहतात कशा, हेच बघायचं ठरवलं. तळपदे यांच्यासोबत त्यांनी मुंबईतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीमानाची पाहणी केली. ती १९३० मध्ये प्रसिद्ध झाली.

आज यात आपल्याला काही विशेष वाटणार नाही. पण विचार करा, बाईच्या ताटात काय पडतं हे त्या काळी कोण विचारत होतं? आणि खरं सांगा, आज तरी कोण विचारतं? घरात महिन्याला किती धान्य आलं, किती तेल आलं, हे वाण्याच्या वहीवरून कळतं. पण त्यातलं कुणाच्या ताटात किती गेलं, हे वहीत नसतं. पोरांची जेवणं झाली, पुरुषमाणसं उठली, मग पातेल्यात उरेल ते तिचं. डाळ संपली तर नुसतं वरचं पाणी. म्हणूनच आहाराची पाहणी करायची तर घराची करून भागत नाही, माणसागणिक करावी लागते.

पाहणीतून एक गोष्ट लख्ख दिसली. वेगवेगळ्या थरांतल्या बायकांचं जेवण वेगळं होतं आणि जिचं जेवण जितकं निकृष्ट, तितका तिला हा आजार होण्याचा धोका जास्त. सर्वांत वाईट जेवण होतं गरीब मुस्लिम बायकांचं, आणि या आजाराने सर्वांत जास्त गाठलं होतं तेही त्यांनाच. दोष धर्माचा नव्हता आणि नशिबाचाही नव्हता. दोष ताटाचा होता.

पण ताटात नेमकं कमी काय? ल्युसीबाईंनी त्या बायकांसारखंच जेवण उंदरांना दिलं. गाभण उंदीर अशक्त झाले, पिल्लं होण्याआधीच मेले. जेवणात यीस्ट घातलं की मात्र तब्येत राहायची. यीस्ट म्हणजे पाव फुगवायला घालतात तेच. पुढे माकडांवर प्रयोग झाले. एका आजारी माकडाला त्यांनी मार्माइट दिलं आणि ते चक्क सुधारलं. मार्माइट म्हणजे यीस्टचा अर्क, काळा, चिकट, खारट. इंग्लंडात तो पावाला लावून खातात. तो बियर गाळून उरलेल्या यीस्टपासून करतात, त्यामुळे स्वस्त. रक्तवाढीसाठी तेव्हा लिव्हरचा अर्क देत, पण तो महागडा. गिरणीतल्या बाईला कुठला परवडायचा!

मग हे मार्माइट आजारी बायकांना देऊन पाहिलं. काही दिवसांतच रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या, चेहऱ्यावर रंग आला. १९३१ मध्ये ल्युसीबाईंनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे सगळं मांडलं. यीस्टमधला तो गुणकारी पदार्थ कोणता, हे मात्र कळलं नव्हतं. लोक त्याला विल्स फॅक्टर म्हणू लागले. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला आणि नाव पडलं फॉलिक ॲसिड. लॅटिनमध्ये फोलियम म्हणजे पान. १९४५ मध्ये अमेरिकेतल्याच लेडर्ले प्रयोगशाळेत तो कृत्रिमरीत्या तयार झाला. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपल्या आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. मुंबईच्या चाळीतल्या बायकांपासून निघालेला धागा फिरून पुन्हा एका भारतीयाच्याच हाती आला म्हणायचा!

ल्युसीबाई १९३३ पर्यंत इथे काम करत होत्या. मधल्या काळात कुन्नूरच्या आणि मद्रासच्या संस्थांतही त्यांनी काम केलं. १९३७-३८ मध्ये त्या पुन्हा आल्या, त्याही पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने, मुक्काम करत करत. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये पॅथॉलॉजीचं काम त्या सांभाळत होत्या. १९४७ मध्ये निवृत्त झाल्या, पण घरी बसल्या नाहीत. जमैका, फिजी इथे जाऊन लोकांचा आहार आणि पंडुरोग यांचाच अभ्यास केला. लग्न केलं नाही. शेवटची वर्षं लंडनच्या चेल्सी भागात नगरसेविका म्हणून काम केलं. १६ एप्रिल १९६४ रोजी त्या गेल्या.

त्यांच्या नंतर फॉलिक ॲसिडचा आणखी एक मोठा गुण सिद्ध झाला. दिवस राहण्याच्या आधीपासून ते पोटात गेलं तर बाळाच्या पाठीच्या कण्याचे आणि मेंदूचे काही जन्मजात दोष टळू शकतात, हे १९९१ च्या अभ्यासातून पक्कं झालं. आपल्या देशात गरोदर बायकांना लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देण्याचा सरकारी कार्यक्रम १९७० पासून आहे. आहाराच्या पाहण्याही पुढे सर्वत्र होऊ लागल्या. मिठात आयोडीन किती घालायचं, भाजीवर कीटकनाशकाचा अंश किती चालेल, हे ठरवतानाही लोक रोज ते किती खातात, हे आधी मोजावंच लागतं.

इतकं सगळं होऊनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना रक्त कमी असल्याचं आढळलं. म्हणजे हळदीकुंकवाला जमलेल्या आपल्यातल्या निम्म्याहून जास्त जणी!

तर मैत्रिणींनो, आज रात्री एक करा. मुलाच्या वहीचं एक पान घ्या आणि कालपासून आजपर्यंत आपण स्वतः काय खाल्लं ते लिहा. किती भाकरी, डाळ किती वाट्या, पालेभाजी होती का, कितीदा नुसता चहा झाला. खोटं लिहू नका, कुणाला दाखवायचं नाहीये. पाहणी करणारेही आपल्याला हेच विचारतात. मग त्या पानात मेथी, पालक, मटकी, हरभरा, शेंगदाणे कुठे बसतात ते बघा. पालेभाजी फार वेळ शिजवू नका, शिजवलेलं पाणी फेकू नका, फॉलिक ॲसिड त्यातच निघून जातं. गोळी चालू असेल तर तिच्यावर लगेच चहा नको. शौचाला काळी होते ती लोहामुळे, घाबरायचं कारण नाही. आणि थकवा, धाप असेल तर मनाने गोळ्या न घेता आधी रक्त तपासून घ्या, कारण बी-१२ कमी असलं तरीही पेशी मोठ्या होतात आणि त्याचं औषध वेगळं.

आणि हो, फडताळातलं ते पाकीट आज बाहेर काढा. त्याची तारीख उलटली असेल तर ताईकडून नवीन मागून घ्या.