मुलांचा राग कुठून येतो? मोहनदास गांधी यांच्या बालपणातून एक धडा

पालक आणि शिक्षक मित्रांनो, वर्गात एका मुलाने दुसऱ्याला मारलं की आपण दोनच कारणं सांगतो. कुणी म्हणतं, मोबाईलवरची मारामारी बघून मूल बिघडलं. कुणी म्हणतं, घरचे संस्कार कमी पडले. यात खरं काय? उत्तर शोधण्यासाठी आज आपण मोहनदास करमचंद गांधी या मुलाच्या घरात डोकावू या.

मोहनचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला. आई पुतळीबाई व्रतं कडकपणे पाळणाऱ्या. वडील करमचंद संस्थानचे दिवाण. सत्यप्रिय, शूर, उदार, पण तापट. पुढे हे कुटुंब राजकोटला आलं.

तेव्हा टीव्ही नव्हता, पण मुलांचं मन ओढून घेणाऱ्या गोष्टी होत्याच. वडिलांनी विकत आणलेलं श्रावणबाळाच्या नाटकाचं पुस्तक मोहनच्या हाती लागलं. गावोगाव फिरून चित्रं दाखवणाऱ्यांकडे त्याने कावड खांद्यावर घेतलेला श्रावण पाहिला. एका नाटक मंडळीचं हरिश्चंद्राचं नाटक पाहिलं आणि नंतर ते मनातल्या मनात कितीतरी वेळा रंगवलं. म्हणजे पाहिलेलं मनावर ठसतं, हे खरंच आहे. पण बघा, श्रावणाच्या गोष्टीत बाणही आहे आणि मृत्यूही आहे. मोहनने त्यातून बाण नाही, कावड उचलली. सेवेचं वळण त्याला घरातच मिळत होतं. पुढे वडील आजारी पडले तेव्हा हाच मुलगा रोज रात्री त्यांचे पाय चेपत बसे.

पंधराव्या वर्षी मात्र त्याच्या हातून मोठी चूक झाली. भावावर सुमारे २५ रुपयांचं कर्ज झालं होतं. ते फेडायला मोहनने भावाच्याच सोन्याच्या कड्यातला तुकडा चोरला. कर्ज फिटलं, पण मन खाऊ लागलं. शेवटी त्याने चिठ्ठीत सगळं कबूल केलं, शिक्षा मागितली आणि चिठ्ठी अंथरुणाला खिळलेल्या वडिलांच्या हाती दिली. माराची भीती नव्हती. वडिलांनी कधी हात उगारल्याचं त्याला आठवतच नव्हतं. भीती होती ती त्यांच्या दुःखाची. वडिलांनी चिठ्ठी वाचली. डोळ्यांतल्या पाण्याने कागद भिजला. मग त्यांनी तो फाडून टाकला आणि पुन्हा आडवे झाले. एवढ्या तापट माणसाने एका शब्दानेही रागावू नये! मोहनला त्यात तेव्हा फक्त माया दिसली. ती अहिंसा होती, हे मोठेपणी उमगलं.

आता पुढचा प्रसंग वाचा. १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म सुरू झाला. तिथे गांधीजी स्वतः मुलांना शिकवत. सतरा वर्षांचा एक दांडगा मुलगा खोटं बोले, भांडणं काढी. एकदा गांधीजींचा तोल सुटला आणि त्यांनी त्याच्या हातावर रूळ मारला. मारताना ते स्वतःच थरथरत होते. उलट मारण्याइतका मजबूत असूनही मुलगा रडला, त्याने माफी मागितली आणि पुढे तो ऐकूही लागला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, छडीचा गुण आला. गांधीजींना मात्र आयुष्यभर वाटत राहिलं की त्या दिवशी आपण मुलाला आपल्यातला पशू दाखवला.

मित्रांनो, संस्कार म्हणजे जादू नाही. गांधीजींचा स्वतःचा थोरला मुलगा हरिलाल त्यांच्यापासून दुरावलाच. पडद्यावर मूल काय बघतं याकडे लक्ष हवंच. पण राग आल्यावर मोठी माणसं काय करतात, हेही मूल रोज बघतंय, आणि तेही अगदी जवळून. उद्या तुमचं मूल चूक कबूल करायला समोर उभं राहील, तेव्हा तुमचा हात काय करेल? याचा विचार आजच करून ठेवा.